‘मिशन’ हा शब्द परत घाला : शताब्दी स्मरणिकेच्या संपादक मंडळास खुले पत्र

प्रति,
संपादक मंडळ, शताब्दी स्मरणिका,
आपली शाळा.

सप्रेम नमस्कार.

माझा लेख परत मिळाला. पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने ‘वाद नको’ असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. अक्षर ओळखीचं आहे. याच अक्षराच्या मालकाला मी आठवीत संधी-समास शिकवले होते. तेव्हाही तो अवघड प्रश्न सोडून द्यायचा.

यावर दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. समितीचं व्हॉट्सॲप चालू असतं, त्यावर मांडवाच्या रंगापासून उकडीच्या मोदकांपर्यंत चर्चा होते, पण या विषयावर सगळे गप्प. म्हणून हे उघड लिहितोय. ते फक्त आपल्याच मंडळासाठी नाही. दापोली, मंडणगड, गुहागर, खाली मालवण-सावंतवाडीपर्यंत सध्या शाळांच्या, वाचनालयांच्या शताब्द्या चालू आहेत आणि मला चाळायला मिळालेल्या बहुतेक स्मरणिकांत हाच प्रकार झालाय.

प्रकार असा. माझ्या लेखात वाक्य होतं : ‘आपल्या शाळेच्या तिघा संस्थापकांपैकी दोघे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले.’ प्रुफात ते झालंय : ‘दोघांनी दापोली येथे शिक्षण घेतले.’ पुढची चार पानं तर सरळ उडवली आहेत. ती गेली याचं दुःख आहेच, म्हाताऱ्या मास्तराला असतंच ते. पण जास्त लागला तो गाळलेला एक शब्द. ‘दापोली येथे’ म्हणजे कुठे हो? आझाद मैदानात? बाजारपेठेत?

बैठकीत कोण काय बोललं ते माझ्यापर्यंत पोचलं. एक म्हणाले, ‘आजकाल हे विषय काढायचे दिवस नाहीत.’ दुसरे म्हणाले, ‘मिशनऱ्यांचं कौतुक आपण कशाला छापायचं?’ पहिल्यांची भीती मला कळते. दुसऱ्यांना मात्र विचारतो, लेख वाचलात का? त्यात कौतुक शोधून दाखवा.

हे मिशनरी इथे शाळा काढायला आले नव्हते. ते आले होते आपल्याला ख्रिस्ती करायला. शाळा, छापखाना, औषधाची पेटी ही त्यांची साधनं होती आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. आपल्या देवांबद्दल त्यांच्या पुस्तकांत जे लिहिलंय ते आज वाचतानाही कानशिलं तापतात. हे सगळं माझ्या लेखात आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही, ती तिथे सुरू होते. ते मागत होते एक, आपण घेतलं भलतंच. कोकणातल्या मिशनचा इतिहास मला या घासाघिशीचा इतिहास वाटतो, आणि घासाघीस म्हटली की त्यात आपला वाटा निम्मा. तो गाळून आपण आपल्याच वाडवडिलांना गाळतोय.

सुरुवात बाणकोटपासून करतो, कारण ते आपल्या दारातलं. सावित्रीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे 1756 पासून, पेशवाई बुडायच्या खूप आधीपासून. तिथे 1823 च्या जानेवारीत स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल आला. कोकणातलं स्कॉटिश मिशनचं हे पहिलं पाऊल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो वारला. आपला एक पावसाळा त्याने पाहिला, तेवढाच. त्याच्या मागून दुसरे आले, हर्णैलाही ठाणं झालं, आसपासच्या गावांत मराठी शाळा निघाल्या. रॉबर्ट नेस्बिट काही काळ इथे होता. पुढे ज्याच्या नावाने मुंबईत कॉलेज उभं राहिलं तो जॉन विल्सन 1829 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला आणि मराठी शिकायला आला तो हर्णैला, बायको मार्गारेटला घेऊन. चौपाटीसमोरच्या त्या दगडी कॉलेजच्या संस्थापकाने मराठीचे पहिले धडे आपल्या बंदरावर गिरवले. सुरमईचा लिलाव ऐकत शिकला असेल तर उच्चार चांगलेच ठणठणीत झाले असणार! (हा माझा कल्पनाविलास. लेखात नाही, घाबरू नका.)

आणि निष्पत्ती काय? बाटले किती? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. काही वर्षांतच मिशनने इथलं ठाणं आवरलं आणि सगळा भर मुंबई-पुण्याकडे गेला. त्यांच्या हिशेबाने कोकण म्हणजे खडकाळ जमीन, पेरलं ते उगवलं नाही. पण आपल्या हिशेबाने? पोरांना अक्षर ओळख झाली, छापील पुस्तक हातात आलं, मोडीच्या जोडीला बाळबोध वळण आलं. पोरं शिकली आणि घरी गेली. देव तेच राहिले.

रेवदंडा, अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी घ्या. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. मिशनऱ्यांना वाटलं, यांच्याकडे जुना करार आहेच, नवा गळी उतरवणं सोपं जाईल. अमेरिकन आणि स्कॉटिश दोन्ही मिशनांनी त्यांच्यासाठी शाळा चालवल्या, त्यांच्यातलेच शिक्षक नेमले. विल्सनने तर 1832 मध्ये हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं. झालं काय, तर ही मंडळी हिब्रू शिकली, स्वतःचे धर्मग्रंथ वाचू लागली आणि पूर्वीपेक्षा पक्की यहुदी झाली. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. मिशनऱ्याच्या खर्चाने मिशनऱ्याला दिलेलं इतकं शांत उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. हा परिच्छेद आपण ‘विषयाशी संबंध नाही’ म्हणून कापलात.

आता ज्यांचे फोटो आपल्या सभागृहात आहेत त्यांच्याकडे येतो.

पहिला फोटो बाळशास्त्री जांभेकरांचा. पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारीला आपण हार घालतो, कारण 1832 साली त्या दिवशी ‘दर्पण’ निघालं. भाषणात मुलं ‘मराठी पत्रकारितेचे जनक’ म्हणतात आणि खाली बसतात. 1843 साली नारायण आणि श्रीपाद शेषाद्री या भावांचं प्रकरण झालं, ते कोणी सांगत नाही. थोरल्या नारायणाला बाप्तिस्मा दिला तो नेस्बिटने, हर्णैला राहून गेलेल्या त्याच नेस्बिटने. धाकटा श्रीपाद अल्पवयीन होता. बापाने कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने पोर बापाच्या हवाली केलं. पोर मिशनऱ्यांच्या घरी राहिलेलं, जेवलेलं. ते भ्रष्ट, त्याला परत घेता येत नाही, असं सनातन्यांचं म्हणणं. बाळशास्त्री उभे राहिले आणि म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घेता येतं. त्यासाठी स्वतःवर बहिष्काराची पाळी आली तरी हटले नाहीत. बाळशास्त्र्यांचं हे धैर्य सांगायचं तर मिशनरी सांगावेच लागतात. समोरचा पैलवान पुसून टाकला तर फोटोतला माणूस हवेत हात मारताना दिसेल.

दुसरे विष्णुबुवा ब्रह्मचारी, माणगावकडच्या शिरवलीचे, मूळचे विष्णू भिकाजी गोखले. 1857 साली, जानेवारी ते मे, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी ते मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत आणि ऐकायला गर्दी लोटत असे. त्या वादांचा वृत्तान्त इंग्रजीत छापला कोणी? जॉर्ज बोवेन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानेच, आणि त्याच वर्षी. आपल्याशी भांडणाऱ्याचं म्हणणं छापायची ही रीत मला आवडते. आपल्या मंडळाला माझं म्हणणं छापवत नाही, बोवेनला विष्णुबुवांचं छापवलं. त्याच्याही आधी, 1831 मध्ये, मोरभट दांडेकरांनी विल्सनशी वाद घालून ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापलं आणि विल्सनने त्याला छापील उत्तर दिलं. वाद नको, असं त्या काळात कोणालाच वाटलेलं दिसत नाही.

तिसरा फोटो महामहोपाध्याय पांडुरंग वामन काण्यांचा. वडील दापोलीला वकील. मुलगा तिथल्याच मिशनच्या शाळेतून 1897 साली मॅट्रिक झाला. तीच शाळा जी आज आल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याच्या नावाने चालते, आपण ‘ए. जी. हायस्कूल’ म्हणतो आणि ए. जी. म्हणजे काय ते विचारत नाही. तिथे शिकलेल्या या मुलाने पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले आणि 1963 मध्ये भारतरत्न मिळवलं. हिंदू धर्मशास्त्राचा आपल्या काळातला सर्वांत मोठा जाणकार मिशनच्या बाकावर बसलेला! पालगडचे साने गुरुजीही त्याच शाळेत काही वर्षं होते. मिशनमुळे काणे घडले, मिशनमुळे गुरुजी घडले, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं बाष्कळ ठरेल. त्या बाकावर बसून ती माणसं स्वतःच्या वाटेने गेली, एवढंच म्हणतो. आपले दोन संस्थापकही त्याच वाटेचे. मिशन शाळेत शिकले आणि गावात येऊन बिगरमिशनची शाळा काढली. ही अभिमानाची गोष्ट तुम्ही ‘दापोली येथे’ या दोन शब्दांखाली पुरून टाकलीत.

माझे आजोबा त्याच शाळेचे. दापोलीत वार लावून जेवायचे, रविवारी चालत घरी. पहिल्या तासाला बायबल असायचं आणि ते चुकवता यायचं नाही. घरी आले की मागीलदारी त्यांची आई घंगाळातलं पाणी डोक्यावर ओतायची, मग आत. पाणी निथळत असतानाच म्हणे ते तिला त्या आठवड्याची गोष्ट सांगायचे. मला ते उधळ्या पोराची गोष्ट सांगत. पोरगा बापाकडून वाटणी घेऊन मुंबईस जातो, सगळं उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते. मूळ गोष्टीत तो डुकरांच्या शेंगांवर डोळा ठेवतो, आजोबांच्या गोष्टीत गुरांपुढच्या फणसाच्या साली चघळायचा. परत येतो तेव्हा बाप पोसलेलं वासरू कापतो असं पुस्तकात आहे. आजोबांचा बाप मात्र पुरणाचा घाट घालायचा आणि थोरला भाऊ पडवीत रुसून बसायचा. माझ्या आजीला शेवटपर्यंत वाटत होतं की ही गोष्ट कुठल्यातरी पुराणातली आहे. एकदा तिने देवळात पुराणिकबुवांना तिचा अध्याय विचारला. बुवा विचारात पडले.

आजीचं फारसं चुकलं नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राशोलला 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं, मराठीत, ओवीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या, लिपी रोमन. तो गोव्यात आला 1579 ला. पण इथे थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि लेखात ती आहे. त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, त्याच्या आधीपासून देवळं पडत होती, देव रातोरात खाडीपार नेले जात होते. मंगेशी त्यातलीच. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घराण्यांचे मूळपुरुष त्या धामधुमीत वर सरकलेले. लोकांची पुराणं हिरावली गेली होती आणि बाटलेल्यांनाही पुराणाशिवाय करमत नव्हतं, म्हणून फादरला पुराण रचावं लागलं. राज्य पोर्तुगिजांचं, जबरदस्ती त्यांची, पण ओवी आपली. या दोन गोष्टी एका परिच्छेदात लिहिल्या म्हणून काहींना मी ‘तिकडचा’ वाटलो, काहींना ‘इकडचा’. मला वाटतं त्या वेगळ्या लिहिताच येत नाहीत.

मंडळातले एक सदस्य म्हणाले म्हणे, ‘आपल्याकडे ख्रिस्ती आहेत कुठे?’ साहेब, वसईला जाऊन या. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण तिथले सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती तिथेच राहिले, अजून आहेत, जातीची नावं आणि लाल लुगड्यांसकट. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला जाऊन या. पोर्तुगिजांनी चौल सोडल्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, त्या गावात अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली घरात बोलतात. सावंतवाडी-मालवणच्या बाजारात उभे राहा, फर्नांडिस आणि डिसोझा अस्सल मालवणीत भांडताना ऐकू येतील. आणि फार लांब जायचं नसेल तर आपल्याच तालुक्यातल्या करजगावला या. तिथे 1861 साली नारायण वामन टिळक जन्मले. 1895 च्या फेब्रुवारीत ते ख्रिस्ती झाले. बायको लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या आणि मग स्वतःच्या विचाराने त्या वाटेला आल्या. टिळकांना परदेशी चालीवरची भजनं कानाला टोचायची. त्यांनी मराठी अभंगाच्या वळणाने भजनं लिहिली आणि ती आज महाराष्ट्रभर मराठी चर्चांत म्हटली जातात. ‘क्रिस्तपुराणा’ची ओवी फादरने उचलली होती, इथे करजगावच्या माणसाने मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये अभंग नेऊन बसवला. आपल्या स्मरणिकेत ‘तालुक्यातील साहित्यिक’ अशी यादी आहे. तीत टिळकांचं नाव आहे, पुढे कंसात ‘निसर्गकवी’ एवढंच. रेव्हरंड गायब. मग ‘रेव्हरंड टिळक’ म्हणून पाठ्यपुस्तकात मुलं वाचतात ते कोण?

शेवटची एक गोष्ट घरची आहे, ती लेखात नव्हती. मुद्दाम टाळली होती. पण मी गाळलेलं तुम्ही गाळलेल्याच्या शेजारी ठेवणं बरं.

माझं आजोळ वेंगुर्ल्याजवळ. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं इस्पितळ, सेंट ल्यूक्स. तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट 1919 मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला, पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 मध्ये अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला. हे वेंगुर्लेकर चवीने सांगतात. पण मला सांगायचंय ते एका नर्सबाईंबद्दल. नाव सांगत नाही. जवळच्याच वाडीतल्या, ख्रिस्ती. माझ्या आईची सुटका अडली तेव्हा भर पावसात छत्री उलटी झालेली असताना त्या चिखल तुडवत आल्या आणि पहाटे मला हातात घेणारा पहिला माणूस त्या. पुढे सुट्टीत मी आजोळी गेलो की त्या मला बघायला येत. आजी चहा करायची, प्रेमाने करायची, आल्याचा. पण तो पडवीतल्या कोनाड्यात उपड्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या पांढऱ्या कपातून. बाई चहा पिऊन कप स्वतः विहिरीवर विसळायच्या आणि कोनाड्यात पुन्हा उपडा घालायच्या. मी सात-आठ वर्षांचा असेन, एकदा मी तो कप आत नेऊन मांडणीत ठेवला. आजीने काही न बोलता तो परत कोनाड्यात नेला. बाई पायरीवरच होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘अभ्यास करतंस मां?’ म्हणून विचारलं.

त्यांच्या हातचं मूल चालायचं, त्यांच्या हातचा कप चालायचा नाही. हेही आपण घेतलं-सोडलं त्या हिशेबातलंच आहे, आणि खर्चाच्या बाजूचं आहे.

तेव्हा मागणी अशी. चार पानं छापा असा हट्ट मी सोडतो. जागा नाही हे खरंच असेल, जाहिराती पुष्कळ आल्यात असं ऐकतो. पण ‘मिशन’ हा शब्द संस्थापकांच्या वाक्यात परत घाला, टिळकांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लावा, आणि ए. जी. म्हणजे आल्फ्रेड गॅडने हे तळटीपेत द्या. तिन्ही मिळून दोन ओळीही होत नाहीत. जागाच हवी असेल तर पान 43 वरचा माझा सत्काराचा फोटो काढा. त्यात मी डोळे मिटलेत आणि शाल दुसऱ्याच्या खांद्यावर दिसतेय.

हे करायचं नसेल तर माझा उरलेला लेखही काढा, नावासकट. राग नाही. कार्यक्रमाला येईन, मोदकही खाईन.

आपला,
एक माजी विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक

ता. क. : प्रुफात ‘हर्णै’चं ‘हरणे’ झालंय, चार ठिकाणी. छापून गेलं तर बंदरावरची मंडळी तुम्हाला सोडणार नाहीत, तो वाद मात्र खरोखर टाळा.